मोटारसायकलच्या चाकांतील आऱ्यांवरचा गंज काढणे

मोटारसायकलच्या चाकांतील आऱ्यांवरचा गंज काढणे ही दुचाकी वाहनाच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. दीर्घकाळ वापराविना उभ्या राहिलेल्या अथवा खाऱ्या हवेत वापरल्या जाणाऱ्या वाहनाच्या पोलादी आऱ्यांवर साचलेले लोहाचे ऑक्साइड यात यांत्रिक वा रासायनिक उपायांनी काढले जाते आणि उघड्या पडलेल्या धातूवर पुन्हा संरक्षक थर दिला जातो. आऱ्यांना बोलीभाषेत ‘तारा’ किंवा ‘स्पोक’ असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत दमट व क्षारयुक्त हवेमुळे आरे लवकर गंजतात.

गंज हा केवळ दिसण्याचा दोष नाही. आरा हा चाकाचा भार वाहणारा घटक असल्याने गंजाने पोखरलेला आरा चालत्या गाडीत तुटू शकतो. त्यामुळे कोणता गंज घासून काढण्याजोगा आहे आणि कोणता आरा बदललाच पाहिजे याचा निर्णय हा या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.

चाकाची रचना

मराठीत ‘आरा’ हा शब्द मुळात बैलगाडीच्या चाकासंबंधीचा आहे. बैलगाडीच्या चाकात मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि बाहेरून लोखंडी धाव असते. मोटारसायकलच्या चाकात तुंब्याची जागा हबने आणि परिघाची जागा रिमने घेतलेली असते. कारागिरांच्या बोलण्यात रिमला ‘रिंग’ असेही म्हणतात. नावे सारखी असली तरी दोन्ही चाकांचे कार्य भिन्न तत्त्वांवर चालते. बैलगाडीचा लाकडी आरा खांबाप्रमाणे दाब सोसतो. तारेचा आरा दाब सोसू शकत नाही, तो वाकतो. म्हणून तो चाकात ताणूनच बसवलेला असतो.

तारांच्या ताणावर उभ्या राहणाऱ्या चाकाची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली याने १८०८ मध्ये मांडली. जेम्स स्टार्ली याने १८७४ मध्ये स्पर्शिकेच्या दिशेने बसवलेल्या आऱ्यांच्या चाकाचे एकस्व घेतले. सायकलसाठी तयार झालेली हीच रचना पुढे मोटारसायकलने स्वीकारली.

आऱ्याचे एक टोक वाकवलेले असून ते हबच्या छिद्रात अडकते. दुसऱ्या टोकावर आटे असतात आणि ते रिममधून आलेल्या निपल नावाच्या लहान नळीसारख्या नटात फिरवून आवळले जाते. भारतातील अनेक मोटारसायकलींच्या चाकात ३६ आरे असतात, काही वाहनांत ही संख्या ४० असते. निपल बहुधा पितळेचे असून त्यावर निकेलचा मुलामा असतो. तारेच्या आऱ्यांच्या चाकात सामान्यतः ट्यूब असलेला टायर वापरतात आणि निपलांच्या डोक्यांमुळे ट्यूब फाटू नये म्हणून रिमच्या आत रबरी पट्टी बसवतात.

वाहन उभे असताना चाकाच्या तळाशी असलेल्या आऱ्यांवरील ताण कमी होतो. चाक फिरून तेच आरे वर गेले की तो पूर्ववत होतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आऱ्यावरील ताण एकदा घटतो आणि एकदा वाढतो. टायरसह सुमारे साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका किलोमीटरमध्ये ५३० च्या आसपास फेरे घेते. अलिबाग ते मुरुड हे सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर एकदा कापताना प्रत्येक आऱ्याला सव्वीस हजारांहून अधिक वेळा हा बदल सोसावा लागतो. निरोगी पोलाद ते सहज सोसते. परंतु पृष्ठभागावर गंजाने खड्डा पडलेला असेल तर ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो, तेथे सूक्ष्म भेग सुरू होते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ती वाढत जाते. अभियांत्रिकीत या प्रकाराला ‘थकवा’ अशी संज्ञा आहे.

आऱ्यांवरील संरक्षक लेप

उघडे पोलाद हवेत टिकत नाही, म्हणून आऱ्यांवर कारखान्यातच लेप दिलेला असतो. गंज काढण्याची पद्धत या लेपावर अवलंबून असल्याने तो प्रथम ओळखावा लागतो.

जस्ताचा लेप: हा करडा, काहीसा मंद चमकीचा असतो. जस्त हे लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. त्यामुळे लेपावर चरा पडून पोलाद उघडे झाले तरी आधी जस्त झिजते आणि लोखंडाचे रक्षण करते. अशा आऱ्यांवर प्रथम पांढरी पूड दिसते आणि जस्त संपल्यावर तांबडा गंज चढू लागतो.

क्रोमचा लेप: हा आरशासारखा चमकतो. यात पोलादावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा अत्यंत पातळ थर असतो. क्रोमियमचा थर अखंड असेपर्यंत संरक्षण उत्तम मिळते. मात्र त्यात सूक्ष्म छिद्रे वा तडे असतात आणि निकेल हे लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. पाणी छिद्रातून पोलादापर्यंत पोहोचले की येथे झिजण्याची पाळी लोखंडावर येते. त्यामुळे क्रोमच्या आऱ्यावर दिसणारा लहानसा तांबडा ठिपका हा अनेकदा आत खोल गेलेल्या खड्ड्याचे तोंड असतो.

स्टेनलेस पोलाद: काही वाहनांना नंतर बसवलेले आरे स्टेनलेस पोलादाचे असतात. त्यांवर सहसा वरवरचे तपकिरी डाग पडतात आणि ते सहज निघतात. तथापि खाऱ्या वातावरणात या पोलादालाही खड्डे पडू शकतात.

रायगड किनाऱ्यावरील परिस्थिती

१ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्या मध्ये वसला आहे. येथील पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि किनाऱ्यावरही त्याचे वार्षिक प्रमाण २,००० मिलिमीटरच्या वर जाते. परंतु गंजाचे कारण केवळ पाऊस नव्हे.

शालेय भूगोलात शिकवले जाणारे खारे वारे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. लाटा फुटताना उडालेले खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार या वाऱ्यांबरोबर येतात आणि त्यांतील मीठ प्रत्येक पृष्ठभागावर बसते. पुळणीपासूनच्या पहिल्या काही शे मीटरमध्ये त्याचे प्रमाण सर्वाधिक असते, पुढे ते झपाट्याने घटते. त्यामुळे एकाच गावात समुद्राच्या अंगाला असलेल्या वाडीतील वाहन आणि रस्त्यापलीकडचे वाहन यांच्या अवस्थेत स्पष्ट फरक आढळतो.

मीठ हवेतील बाष्प ओढून घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होते. म्हणून पाऊस नसतानाही किनाऱ्यावरील आऱ्यांवर खारट पाण्याचा न दिसणारा पापुद्रा टिकून राहतो. हे पाणी विजेचे सुवाहक असल्याने गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने होते. शिवाय क्लोराइड आयन गंजाच्या थरातून खड्ड्याच्या तळाशी जाऊन साठतात. वरचा गंज घासला, पण हे क्लोराइड धुतले गेले नाहीत, तर काही दिवसांतच त्याच जागी पुन्हा गंज फुटतो.

या भागात वाहने दुर्लक्षित राहण्याची कारणेही ठरलेली आहेत. नोकरीनिमित्त मुंबईत राहणारे चाकरमानी गावच्या घरी ठेवलेली मोटारसायकल गणपती, शिमगा व मे महिन्याची सुट्टी एवढ्याच वेळी बाहेर काढतात. मांडवा, रेवस यांसारख्या बंदरांवर दिवसभर उघड्यावर उभी राहणारी वाहने खारा वारा खातात. मासळीची ने-आण करणाऱ्या मोटारसायकलींच्या मागच्या चाकावर पाट्या व पेट्यांतून बर्फाचे खारट पाणी सतत ठिबकते, त्यामुळे पुढच्या चाकापेक्षा मागच्या चाकाचे आरे आधी जातात. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून चालवलेल्या गाडीच्या हबमध्ये व आऱ्यांच्या वाकलेल्या टोकांशी ओली वाळू अडकून राहते.

२०२० साली मार्चच्या अखेरीस सुरू झालेल्या टाळेबंदीत अनेक वाहने जागीच उभी राहिली आणि त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. घरांवरील छपरे उडाल्याने आडोशाची वाहनेही खारे पाणी व पावसात सापडली. अशा वाहनाच्या बाबतीत आऱ्यांची वरवरची सफाई पुरेशी ठरत नाही.

गंजाच्या अवस्था

पहिली अवस्था: आऱ्यावर पिवळसर तांबूस छटा दिसते. बोट फिरवल्यास ती पुसली जाते. लेप बहुतांशी शाबूत असतो.

दुसरी अवस्था: ठिपके एकमेकांत मिसळून खडबडीत तांबडा थर तयार होतो. घासल्यावर खालचा धातू गुळगुळीत, पण काळपट दिसतो. येथे लेप गेलेला असतो, परंतु पोलादाची जाडी फारशी घटलेली नसते.

तिसरी अवस्था: गंजाचे पापुद्रे सुटतात. ते काढल्यावर नखाला लागतील असे खड्डे आढळतात. आटे आणि निपल एकजीव झालेले असतात. हा आरा घासून उजळला तरी विश्वासार्ह राहत नाही.

लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापतो, म्हणून गंजलेला आरा मुळापेक्षा जाड भासतो. खरी जाडी गंज काढल्यावरच कळते. साडेतीन मिलिमीटर व्यासाचा आरा झिजून तीन मिलिमीटर झाला, तर पाहताना फरक किरकोळ वाटतो. पण त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी घटलेले असते.

पूर्वतपासणी

काम सुरू करण्यापूर्वी वाहन मधल्या स्टँडवर सपाट व टणक जागी उभे करून चाक मोकळे फिरेल असे ठेवावे. इंजिन बंद असावे व किल्ली काढून घ्यावी. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या मागच्या चाकाची वा साखळीची सफाई करण्याची पद्धत अत्यंत धोकादायक आहे. साखळी व दातेरी चक्र यांच्यामध्ये कापड अडकते आणि त्यासोबत बोटे ओढली जातात. चाक नेहमी हातानेच फिरवावे.

त्यानंतर प्रत्येक आऱ्यावर लहान पान्याने हलकेच ठोकून आवाज ऐकावा. ताणलेला आरा खणखणीत वाजतो, ढिला वा तुटू आलेला आरा बद्द आवाज करतो. हबपाशी वाकलेली टोके आणि निपलजवळचे आटे या दोन जागी आरे प्रामुख्याने तुटतात, म्हणून तेथे विजेरीच्या प्रकाशात पाहावे. ढिले, तुटलेले आणि तिसऱ्या अवस्थेतील आरे खडूने खुणावून ठेवावेत. अशांची संख्या मोठी असल्यास सफाईऐवजी सर्व आरे बदलणे श्रेयस्कर ठरते.

यांत्रिक पद्धत

पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील गंज चाक न उघडता काढता येतो.

१. धुणे: चाक साबणाच्या पाण्याने व नरम ब्रशने धुऊन माती, वाळू व जुने वंगण काढावे. यासाठी गोडे पाणी वापरणे आवश्यक आहे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, त्याने धुतल्यास मीठ कमी होण्याऐवजी वाढते. नळाचे गोडे पाणी नसेल तेथे साठवलेले पागोळ्यांचे पाणी चालते.

२. आवरण: ब्रेक ड्रमची फट किंवा डिस्क, तसेच टायरची बाजू प्लास्टिक व चिकटपट्टीने झाकावी. ब्रेकच्या पृष्ठभागावर तेल पोहोचल्यास ब्रेक लागत नाही. ही चूक गंजापेक्षा अधिक घातक आहे.

३. तेल लावणे: गंजावर पातळ भेदक तेल लावून काही तास मुरू द्यावे. निपलांच्या आट्यांशी एकेक थेंब सोडून ते रात्रभर ठेवावे. रॉकेलनेही गंज सैल होतो, परंतु ते ज्वालाग्राही आहे आणि टायरच्या रबराला अपायकारक आहे.

४. घासणे: क्रोमच्या आऱ्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पन्नीची चुरगळलेली गोळी पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे कमी पडतात. हट्टी ठिपक्यांसाठी पितळी तारांचा ब्रश वापरतात. साध्या लोखंडी घासणीचे तुटलेले तंतू पृष्ठभागावर राहून तेच पुढे गंजतात, म्हणून ती वापरल्यास नंतर चाक काळजीपूर्वक पुसावे. जेथे लेप पूर्णपणे गेला आहे तेथे ४०० क्रमांकाचा आणि त्यानंतर ८०० वा १,००० क्रमांकाचा पाण्यात वापरण्याचा पॉलिश पेपर वापरता येतो. लेप शाबूत असलेल्या भागावर तो लावू नये.

आऱ्याची मागची बाजू हाताने नीट घासली जात नाही. त्यासाठी कापडी पॉलिश पेपरची अरुंद पट्टी अथवा काथ्याची दोरी आऱ्याभोवती एक वेढा देऊन, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी, दोन्ही टोके आळीपाळीने ओढतात. काथ्या किनाऱ्यावर सहज मिळतो, तो क्रोमला ओरखडत नाही आणि दोन आरे एकमेकांना ओलांडतात त्या अडचणीच्या जागीही पोहोचतो.

५. पुन्हा धुणे: घासल्यानंतर खड्ड्यांतील क्लोराइड काढण्यासाठी गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा, शक्य असल्यास कोमट पाण्याने, चाक धुवावे. घाईत बहुधा हीच पायरी गाळली जाते, आणि पुन्हा गंज चढण्याचे तेच मुख्य कारण असते.

६. वाळवणे: कोरड्या कापडाने पुसून चाक उन्हात अथवा पंख्याखाली पूर्ण वाळवावे आणि त्याच दिवशी संरक्षक थर द्यावा. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होते.

काम करताना हातमोजे व चष्मा वापरावा. गंजाची व लेपाची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून पेपर ओला ठेवून घासणे इष्ट असते.

रासायनिक पद्धती

सौम्य आम्ले: व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल, लिंबूसत म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल आणि चिंच व आमसूल यांतील आम्ले गंज विरघळवतात. चिंचेने वा आमसुलाने तांब्या-पितळेची भांडी उजळण्याच्या घरगुती रीतीमागेही धातूचे ऑक्साइड आम्लात विरघळण्याचे हेच तत्त्व आहे. एक लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत घालून त्यात भिजवलेली कापडाची पट्टी गंजलेल्या भागाभोवती वीस ते तीस मिनिटे गुंडाळतात. नंतर ती काढून भाग घासतात, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल निष्प्रभ करतात आणि गोड्या पाण्याने धुतात. जस्ताचा लेप शाबूत असलेल्या आऱ्यांवर ही पद्धत वापरू नये, कारण आम्लात गंजाबरोबर जस्तही विरघळते. ॲल्युमिनियमच्या हबवर व रिमवर द्रावण सांडू देऊ नये.

ऑक्झॅलिक आम्ल: कपड्यांवरील गंजाचे डाग काढण्यासाठी वापरले जाणारे हे आम्ल परिणामकारक असले तरी विषारी आहे. ते खाद्यपदार्थ व मुले यांच्यापासून दूर ठेवावे आणि हाताळताना हातमोजे वापरावेत.

फॉस्फोरिक आम्ल: ‘रस्ट कन्व्हर्टर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांमध्ये फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असते. ते गंजाचे काळपट व स्थिर संयुगात रूपांतर करते आणि त्यावर रंग देता येतो. लेप पूर्णपणे गेलेल्या आऱ्यांना हा उपाय उपयुक्त आहे, मात्र चमक परत येत नाही. फॉस्फरसयुक्त थर लोखंडाचे रक्षण करतो याचे विख्यात उदाहरण म्हणजे दिल्लीचा लोहस्तंभ होय. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाल्याचे भारतीय धातुशास्त्रज्ञांनी दाखवले आहे.

तीव्र आम्ले: फरशी वा शौचालय स्वच्छ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल गंज झटपट काढते, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. परंतु ते क्रोमियम, जस्त व पोलाद या सर्वांवरच क्रिया करते आणि क्लोराइड मागे ठेवते. याहून गंभीर धोका हायड्रोजनचा आहे. आम्ल व पोलाद यांच्या क्रियेतून निर्माण होणारा हायड्रोजन अंशतः पोलादात शिरतो आणि ओढून बनवलेल्या कणखर तारेला ठिसूळ करतो. असा आरा वरून लखलखीत दिसतो आणि पुढे ताण आल्यावर पूर्वसूचना न देता तुटतो. सौम्य आम्लातही आरे रात्रभर बुडवून ठेवू नयेत, याचे हेही एक कारण आहे.

विद्युत् अपघटन: धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेली वस्तू ऋण टोकाला व लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून बॅटरीच्या चार्जरने प्रवाह सोडतात. गंजलेली अवजारे स्वच्छ करण्यास ही पद्धत चांगली आहे. आऱ्यांसाठी मात्र ती टाळावी, कारण हायड्रोजन नेमका गंजलेल्या वस्तूवरच तयार होतो. धन टोकाला स्टेनलेस पोलाद कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे निर्माण होतात.

आरे बदलणे व चाक सरळ करणे

खुणावलेले आरे एकेक करून बदलता येतात. नवा आरा त्याच लांबीचा, त्याच जाडीचा व त्याच वाकाचा असावा लागतो. हबच्या आतील व बाहेरील बाजूने येणाऱ्या आऱ्यांचे वाक वेगवेगळे असू शकतात. अडकलेले निपल बळाने फिरवल्यास आरा पिळला जातो. तो तेल मुरवूनही न सुटल्यास कापून काढणेच योग्य असते.

आरे बदलल्यानंतर चाक डगमगते. कारागीर या दोषाला ‘आउट’ म्हणतात आणि तो दूर करण्याला ‘आउट काढणे’ म्हणतात. यासाठी चाक फिरवून रिमजवळ स्थिर धरलेल्या खडूने वा तारेने झुकाव पाहतात आणि निपलांच्या चावीने त्या जागचे आरे एका वेळी पाव फेरा एवढेच आवळतात किंवा सैल करतात. रिमच्या आत आलेली आऱ्यांची टोके निपलच्या वर राहिल्यास ती घासून सपाट करावीत आणि रबरी पट्टी नवी बसवावी. टायर काढलेला असताना रिमची आतली बाजूही पाहणे गरजेचे असते. व्हॉल्व्हच्या छिद्रातून आत गेलेले पाणी तेथे साचते आणि बाहेरून ठीक दिसणारे रिम आतून गंजलेले आढळते.

संपूर्ण चाक नव्याने विणण्याचे काम अनुभवी कारागिराकडे सोपवावे. काम झाल्यावर सुमारे शंभर किलोमीटर गाडी चालवून आऱ्यांचा ताण पुन्हा तपासून घ्यावा, कारण नवे आरे बसताना किंचित सैल पडतात.

गंज रोखणे

सफाईनंतर क्रोमच्या आऱ्यांवर मेणयुक्त पॉलिश व इतर आऱ्यांवर खनिज तेलाचा अतिशय पातळ थर कापडाने द्यावा. लेप गेलेल्या आऱ्यांना जस्तयुक्त वा ॲल्युमिनियमच्या छटेचा रंग देता येतो. खोबरेल तेल घरोघरी उपलब्ध असले तरी ते कालांतराने खवट व चिकट होते आणि धूळ धरते. इंजिनातून काढलेल्या जळक्या तेलात काजळी व आम्ले असतात आणि ते उडून ब्रेकवर वा टायरवर जाण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही टाळावीत.

किनाऱ्यावरील देखभाल ऋतुमानाप्रमाणे आखता येते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आरे धुऊन व वाळवून जाड थर द्यावा. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा चिखल धुऊन थर नवा करावा. पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास पूर्ण तपासणी करावी. पुळणीवर गाडी गेल्यास त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाके धुवावीत.

वाहन महिनोन्‌महिने उभे ठेवायचे असल्यास ते मधल्या स्टँडवर, चाकांखाली फळी ठेवून उभे करावे. प्लास्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट गुंडाळल्यास आत बाष्प कोंडते. त्याऐवजी हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालून खालची बाजू मोकळी ठेवावी.

मोटारसायकल गोठ्यात वा गोठ्याला लागून उभी करू नये. गोमूत्र व शेणातून निघणाऱ्या अमोनियामुळे ताणाखालील पितळेला तडे जातात आणि निपल बहुधा पितळेचेच असतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या पितळी काडतुसांना असेच तडे जात असत. त्यामागे अमोनिया व धातूतील शिल्लक ताण असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले.

आरे व मिश्रधातूची चाके

एकविसाव्या शतकात भारतीय मोटारसायकलींमध्ये ओतीव मिश्रधातूच्या चाकांचा प्रसार झाला. त्यांत आरे वा निपल नसल्याने येथे वर्णन केलेला प्रश्न उद्भवत नाही आणि ट्यूबविरहित टायर वापरता येतो. तथापि खड्ड्यात आदळून तडा गेलेले मिश्रधातूचे चाक सहसा बदलावेच लागते. तारेच्या चाकातील वाकलेले रिम अथवा तुटलेला आरा मात्र गावातही दुरुस्त होऊ शकतो. जुन्या राजदूत, येझदी, बुलेट यांसारख्या आणि आरे असलेल्या इतर मोटारसायकली अद्याप वापरात असल्याने आऱ्यांची देखभाल हा किनारपट्टीवरील वाहनधारकांच्या दृष्टीने व्यवहार्य विषय राहिला आहे.

हे सुद्धा पाहा

गंज
चाक
मोटारसायकल
खारे वारे व मतलई वारे
रायगड जिल्हा